तापात अडलेली नजर

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातली गावं दुपारी रिकामी असतात. आमगाव असो, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, हातपाय धड असलेलं प्रत्येक माणूस बांधीतल्या चिखलात उतरलेलं असतं आणि घर म्हाताऱ्यांवर न् पोरांवर सोडलेलं असतं. नेमक्या अशाच दिवसांत पोराला ताप चढतो. आजी कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवते, दुकानातून आणलेली गोळी अर्धी करून देते. चार दिवसांनी ताप जरा उतरल्यासारखा वाटतो. पण पोरगं दारात बसून एक डोळा तळहाताने झाकून बाहेर बघत असतं. हात काढला की मान वळवून बघतं. विचारलं तर म्हणतं, "दोन-दोन दिसून राहिलं."

त्या वाक्याचं पुढे काय होतं, ते घरागणिक बदलतं. कुणी म्हणतं, तापाने अशक्तपणा आलाय, दूध-अंडं द्या. कुणी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतं. डोळा उघडच नाकाकडे वळलेला दिसू लागला, तर तिरळं माणूस नशिबाचं असतं ही जुनी समजूत पुढे येते आणि दवाखाना आणखी आठ दिवस लांबतो. लहानपणापासून असलेला तिरळेपणा आणि तापात चार दिवसांत आलेला तिरळेपणा या फार वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेक घरांना कोणी सांगितलेलंच नसतं. पहिल्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन जाता येतं. दुसऱ्यासाठी त्याच दिवशी निघावं लागतं. तिथे दोष बहुधा डोळ्यात नसतो. मेंदूच्या आवरणात, कानामागच्या हाडात किंवा कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांमध्ये कुठेतरी जंतूंनी ठाण मांडलेलं असतं, आणि घरच्यांना दिसेल अशी त्याची खूण डोळ्यात उमटते.

लहान मुलांत जंतुसंसर्गामुळे डोळ्यांच्या हालचालीत होणारे बिघाड, हा या पुस्तकाचा विषय. ऐकताना तो मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर, अंगणवाडीच्या सतरंजीवर आणि वर सांगितलेल्या दारात घडतो.

प्रत्येक डोळ्याला हलवणारे स्नायू सहा. त्यांना हुकूम पोचवणाऱ्या नसा प्रत्येक बाजूला तीन. तिसऱ्या नसेकडे सगळ्यात मोठा कारभार: चार स्नायू, वरची पापणी उचलणं आणि उजेडात बाहुली बारीक करणं. चौथीकडे एकच स्नायू. सहावीकडेही एकच, डोळा कानाच्या बाजूला वळवणारा. दोन्ही डोळे नेहमी जोडीने फिरतात. उजवीकडे बघायचं तर उजव्या डोळ्याचा बाहेरचा आणि डाव्या डोळ्याचा आतला स्नायू एकाच वेळी, एकाच जोराने ओढला जातो. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ साली हा नियम मांडला. अशा जोडीच्या स्नायूंसाठी नेत्रशास्त्रात रूढ झालेल्या शब्दाचा अर्थ थेट ‘जू’ असा आहे. बैलजोडी हाकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एक बैल अडला की नांगर तिरपा जातो, आणि एक डोळा अडला की जग दोन होतं.

या तिन्ही नसांत सहावीचं नशीब खडतर. मेंदूच्या खोडातून निघाल्यावर ती कवटीच्या तळाच्या हाडाला चिकटून वर चढते, कानशिलाच्या हाडाच्या टोकावरून वळते, डोळ्यामागच्या रक्ताने भरलेल्या पोकळीतून जाते आणि मग कुठे स्नायूपर्यंत पोचते. वाट लांबची आणि अडचणीची. वाटेत कुठेही पू झाला, सूज आली, रक्त गोठलं की ती सापडते. इतकंच काय, रोग भलतीकडे असला तरी कवटीतला दाब वाढला की ही नस ताणली जाते आणि डोळा आत वळतो. लंडनचे जेम्स कॉलियर यांनी १९०४ साली अशा चकवणाऱ्या खुणांवर लिहिलं. नस बंद पडलीय म्हणून दुखणं तिथेच आहे असं समजू नये, हा त्यांच्या लेखाचा गाभा. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तापाच्या मुलाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला तो आजही उपयोगी पडतो.

मोठा माणूस एकाचे दोन दिसले की घाबरून सांगतो. लहान मूल सांगत नाही. तीन-चार वर्षांचं मूल काही दिवस अडखळतं, पायरी चुकतं, पेल्याऐवजी पेल्याच्या शेजारी हात नेतं. मग त्याचा मेंदू दोनपैकी एक चित्र सरळ बंद करून टाकतो आणि तक्रार संपते. घरच्यांना वाटतं, बरं झालं. जरा मोठं मूल मान वळवून घेतं. डावी सहावी नस अडली असेल तर चेहरा डावीकडे वळवतं, म्हणजे डोळ्याला डावीकडे जावंच लागत नाही. चौथी नस अडलेलं मूल डोकं विरुद्ध खांद्याकडे कलतं करतं. फोटोतली कलती मान बघून जुना दोष आणि नवा दोष ओळखता येतो. म्हणून हल्ली डॉक्टर आधी आईच्या मोबाइलमधले मागच्या वर्षीचे फोटो मागतात. बारशाचा, पोळ्याचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. प्रत्येकात डोळे सरळ असतील आणि आज नसतील, तर घड्याळ सुरू झालेलं असतं.

तपासणीला यंत्र लागत नाही. मूल आईच्या मांडीवर, समोर हातभर अंतरावर साधी बॅटरी. उजेडाचा एक बारीक ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध पडायला हवा. एका डोळ्यात तो कानाच्या बाजूला सरकलेला दिसला, तर तो डोळा आत वळलेला आहे. बर्लिनचे युलियस हिर्शबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात ही युक्ती दिली: ठिपका एक मिलिमीटर सरकला की डोळा साधारण सात अंश वळलेला. मग बॅटरी हळूहळू डावीकडे न्यायची, उजवीकडे न्यायची, वर, खाली. मूल बॅटरीला कंटाळलं तर आईची बांगडी वाजवायची. डाव्या सहाव्या नसेचा बिघाड असेल तर डावा डोळा मध्यापर्यंत येऊन थबकतो आणि बाहेरच्या कोपऱ्यात पांढऱ्याची एक फाक उरते. उजवीकडे बघताना मात्र दोन्ही डोळे बिनघोर जातात. ती उरलेली पांढरी फाक एकदा बघितलेला माणूस ती विसरत नाही. तिसरी नस गेली असेल तर पापणी पडलेली, पापणी उचलून बघावं तर डोळा बाहेर-खाली सरकलेला, आणि बाहुली मोठी असेल तर धोका आणखी वाढलेला. तान्हं बाळ बॅटरीकडे बघत नाही. त्याला समोर उभं धरून आपणच हळू गोल फिरायचं, म्हणजे त्याचे डोळे आपोआप दोन्हीकडे फिरतात. एवढं सगळं पाच मिनिटांत होतं.

आपल्याकडचं जुनं वाङ्मय या बाबतीत मुकं नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे, आणि त्याच उत्तरतंत्रात पुढे नऊ बालग्रह येतात. त्यांतल्या स्कंदग्रहाने पछाडलेल्या मुलाचं तोंड वाकडं होतं, एका डोळ्याच्या पापणीची हालचाल बिघडते. नेत्ररोग एका कप्प्यात आणि असं मूल दुसऱ्या कप्प्यात ठेवलेलं. त्या लेखकांनी कारण ग्रहात शोधलं, पण तोंड, डोळा आणि आजारी मूल ही तिन्ही एकत्र बघितली, ही गोष्ट लहान नाही.

युरोपात हा धागा एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट यांनी पकडला. मेंदूत पाणी साचून दगावलेल्या सुमारे वीस मुलांची त्यांनी केलेली वर्णनं १७६८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाली. आज वाचताना ती क्षयाच्या मेंदूज्वराची आहेत हे स्पष्ट कळतं, पण व्हिट यांना क्षयाचा जंतू ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. रॉबर्ट कॉख यांना तो सापडला १८८२ मध्ये. व्हिट यांनी नाडीवरून आजाराचे तीन टप्पे पाडले. पहिल्यात कणकण, चिडचिड, ओकाऱ्या. दुसऱ्यात नाडी मंदावते आणि मूल तिरळं बघू लागतं, एकाचे दोन दिसतात. तिसऱ्यात शुद्ध हरपते. म्हणजे डोळा वळतो तो मधल्या टप्प्यात, जेव्हा मूल अजून हाक ऐकत असतं. व्हिट यांच्या हाती देण्यासारखं औषध नव्हतं. आज आहे, आणि म्हणूनच तो मधला टप्पा चुकला तर ती चूक मोठी ठरते.

क्षयाचा मेंदूज्वर हा या पुस्तकातला सगळ्यात भारी विषय आहे आणि त्यावर थांबायलाच हवं. हा आजार झटकन येत नाही, म्हणून फसवतो. दोन-तीन आठवडे संध्याकाळचा बारीक ताप, पोराचं खेळण्यातून मन उडालेलं, वजन घटतंय, सकाळी उलटी. घरात खोकणारे आजोबा. मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचत जातो, त्यात नसा रुततात, पाण्याचा निचरा अडतो, दाब वाढतो. सहावी नस सगळ्यांत जास्त वेळा सापडते. निदानासाठी मणक्यातून पाणी काढावं लागतं; हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत रूढ केली. पण गावाकडे ‘पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लुळं होतं’ ही भीती अजून घट्ट आहे, आणि अनेक कुटुंबं नेमक्या त्याच दिवशी सही न करता घरी परततात. सुई टोचतात ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली असते, एवढं कोणी कागदावर काढून दाखवलं असतं तर कदाचित ती परतली नसती. स्ट्रेप्टोमायसीन १९४०च्या दशकात येईपर्यंत हा आजार म्हणजे मृत्यूच होता. आता वर्षभराचे क्षयाचे उपचार, सोबत स्टेरॉइड, गरज पडल्यास पाण्याला वाट करून देणारी नळी, यांतून मुलं वाचतात. किती धड वाचतात, ते उपचार कोणत्या दिवशी सुरू झाले यावर अवलंबून असतं. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये पाठीच्या पाण्यातून क्षयाचा माग काढण्याच्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं, ते याच एका दिवसासाठी. जन्मताच टोचलेली बीसीजीची लस मोठेपणीचा फुप्फुसाचा क्षय तितकासा रोखत नाही, पण लहान मुलाला मेंदूच्या क्षयापासून बऱ्याच प्रमाणात वाचवते. दंडावरचा तो व्रण बघितला की हे आठवावं.

गोंदियाचा भूगोल या विषयात पाहुण्यासारखा येत नाही, तो घरचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, नवेगावबांध, इटियाडोह धरण, पावसाळाभर पाणी धरून ठेवणाऱ्या बांध्या. याच साचलेल्या पाण्यात क्युलेक्स डास वाढतात. बगळे आणि डुकरं यांच्या शरीरातून जपानी मेंदूज्वराचा विषाणू उचलतात आणि मुलाला चावतात. हा विषाणू मेंदूच्या आतल्या गाभ्याला आणि मध्यमेंदूला धरतो, त्यामुळे वाचलेल्या काही मुलांचा चेहरा मुखवट्यासारखा होतो, नजर एका जागी खिळते. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात हिवताप जुना आहे. मेंदूवर गेलेल्या हिवतापात बेशुद्ध मुलाचे दोन डोळे दोन दिशांना असतात. त्यातला एक कोपऱ्यात बारीक थरथरत असेल तर ते फेफरं असू शकतं, हातपाय अगदी स्थिर असले तरी. हे न कळल्याने झटक्याचं औषध राहून जातं.

मग स्क्रब टायफस. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत हे नाव घरोघर पोचलं. गवता-झुडपांतली डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिगर कीड चावते, चावल्या जागी विस्तवाचा चटका बसल्यासारखा काळा खपला धरतो, आणि तो काखेत, जांघेत असल्याने कपडे उतरवून बघितल्याशिवाय सापडत नाही. या आजाराचा ताप मेंदूपर्यंत गेला तर सहावी नस अडू शकते. क्वचित त्याहून विचित्र प्रकार होतो, ज्याची वर्णनं भारतातल्या डॉक्टरांनी केली आहेत: डोळे नाचू लागतात. औषध डॉक्सिसायक्लिन, अगदी स्वस्त. वेळेवर दिलं तर ताप दोन दिवसांत उतरतो.

चंडीपुरा हे नाव तर विदर्भाचंच. नागपूरच्या चंडीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधकांना १९६५ साली हा विषाणू सापडला. पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. २००३च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली, आणि वाळूमाशीतून पसरणारा हाच विषाणू त्यामागे निघाला. त्याच वर्षी आणि पुन्हा २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांनाही त्याने गाठलं. सकाळी ताप, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी बेशुद्धी, असा त्याचा वेग. इथे नजरेचा अभ्यास करायला सवडच मिळत नाही. बाहुल्या बघायच्या आणि गाडी काढायची.

साथींच्या या मोठ्या नावांमागे साधा वाहता कान झाकून जातो. तलावात डुंबणारी पोरं, कानात घातलेलं कोमट तेल, ‘कान फुटलाय, पावसाळा गेला की थांबेल’ हे नेहमीचं उत्तर. ट्युरिनचे कानाचे डॉक्टर ज्युसेप्पे ग्रादेनिगो यांनी १९०४ साली तीन गोष्टी एका सुतात ओवल्या: वाहणारा कान, त्याच बाजूला डोळ्यामागे असह्य ठणका आणि आत वळलेला डोळा. कानातला पू कानशिलाच्या हाडाच्या टोकापर्यंत पोचला की तिथून वळणारी सहावी नस अडते. प्रतिजैविकांनी हा प्रकार दुर्मीळ केला, पण अर्धवट घेतलेल्या औषधांनी तो पुरता जाऊ दिला नाही. नाकावरची किंवा वरच्या ओठावरची पुटकुळी फोडणं हा त्याचाच भाऊबंद. तिथल्या शिरांना झडपा नसतात, जंतू उलटे आत जातात, डोळ्यामागे रक्त गोठतं, डोळा बाहेर येतो आणि जागच्या जागी थिजतो. २०२१ मध्ये कोरोनामागून आलेल्या म्युकरमायकोसिसने मोठ्या माणसांत हीच वाट वापरली. नाकातला संसर्ग डोळ्यापर्यंत आणि डोळ्यातून मेंदूपर्यंत जातो, हे त्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला फार महागात शिकावं लागलं.

डोळ्याच्या स्नायूतच बसलेला फीतकृमीचा बुडबुडाही विसरता येणार नाही. त्यासाठी डुक्कर खावं लागत नाही. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, हातातून पोटात जातात, आणि माळकरी घरातलं मूलही त्यातून सुटत नाही.

या विषयाची घराणी निरनिराळी आहेत आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला बराच वेळ घेतला. सगळ्यांत जुनं घराणं नकाशा काढणाऱ्यांचं. हेर्मान वेबर यांनी १८६३ मध्ये तिसरी नस आणि विरुद्ध बाजूचे हातपाय एकदम गेलेले दाखवून मध्यमेंदूतली जागा नेमकी सांगितली. पॅरिसचे आंरी पारिनो यांनी १८८३च्या सुमारास वर बघता न येण्याचं गणित सोडवलं. डोक्यात पाणी साचलेल्या बाळाचे डोळे मावळत्या सूर्यासारखे खालच्या पापणीआड बुडतात, ते त्याच नकाशातलं ठिकाण. सीटी स्कॅन आणि एमआरआय आल्यावर हे घराणं मागे पडेल असं अनेकांना वाटलं. पण एमआरआय कुठला काढायचा आणि कुणाला आधी न्यायचं, हे ठरवायला तोच नकाशा लागतो, आणि गोंदियापासून नागपूर सुमारे १३० किलोमीटर असताना तो जास्तच लागतो.

दुसरं घराणं विचारतं, जंतू तिथे नसतानाही डोळा का अडतो? बोस्टनमधल्या चार्ल्स मिलर फिशर यांनी १९५६ मध्ये तीन रुग्ण मांडले: दोन्ही डोळे जवळजवळ थिजलेले, चाल डळमळीत, गुडघ्यावर ठोकलं तरी पाय उडत नाही. काही दिवसांपूर्वी साधी सर्दी किंवा जुलाब होऊन गेलेले. जंतूशी लढायला तयार झालेलं शरीरच चुकून स्वतःच्या नसांवर उठतं, हे पुढे कळलं. १९९२ मध्ये जपानी संशोधकांना त्यामागची प्रतिपिंडं सापडली. हे दुखणं भीतिदायक दिसतं, पण बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, आणि आईबापांना पहिल्याच दिवशी हे सांगणं हासुद्धा उपचारच आहे. मार्सेल किन्सबर्न यांनी १९६२ साली सहा बाळांचं वर्णन केलं, त्यांचे डोळे सगळ्या दिशांना, एक क्षणही न थांबता उसळत. झोपेतही पापण्यांखाली ती उसळी दिसते. यातल्या काही मुलांत कारण आधीचा संसर्ग असतो, तर काहींत पोटात किंवा छातीत दडलेली गाठ. डोळे नाचतात म्हणून डॉक्टर पोटाची सोनोग्राफी का सांगतात, हे कळलं नाही तर घरचे चिडतात, आणि त्यांचं चिडणं साहजिक आहे.

तिसरं घराणं आजार संपल्यावर कामाला लागतं. नस सुधारली, ताप गेला, पण चार-पाच महिने मेंदूने एक डोळा वापरलाच नाही, तर तो डोळा आळशी पडतो. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे नुकसान भरून काढता येतं, चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकून. तिरळेपणाच्या तज्ज्ञांनी आणि ऑर्थोप्टिस्टांनी विसाव्या शतकभर हे तंत्र घडवलं. पण संसर्गाचे डॉक्टर मुलाला सुट्टी देतात तेव्हा त्या कागदावर डोळ्यांच्या फेरतपासणीची तारीख क्वचितच असते. दोन विभागांमधल्या या फटीत किती मुलांची नजर गेली असेल, ती कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही.

संशोधनाच्या दालनात आणखी एक नाव घ्यायला हवं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम केलेले अभियंते डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९६३ मध्ये चुंबकीय क्षेत्र आणि डोळ्यावर बसवलेली बारीक तारेची कडी यांच्या साहाय्याने डोळ्याची हालचाल मोजायला सुरुवात केली, आणि नेत्रगतीचं शास्त्र अंदाजातून आकड्यांत आलं.

आईचं ऐकण्याचा इतिहासही या विषयात आहे. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. गरोदरपणी आपल्याला रुबेला झाला होता, असं त्यांच्या आया सांगत होत्या, आणि ग्रेग यांनी ते बोलणं सोडून दिलं नाही. गर्भात रुबेला झालेल्या बाळांत मोतीबिंदूसोबत तिरळेपणा आणि डोळ्यांची थरथरही अनेकदा आढळते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तिची मुळं त्या दवाखान्यात आहेत.

हा विषय आत्ताच मराठीत का यावा, याची कारणं गेल्या काही दशकांतल्या बदलांतच सापडतात. घटसर्पानंतर जवळचं वाचता न येणं, मेंदूज्वरानंतरची वाकडी नजर, ही दुखणी लसींनी बरीच मागे रेटली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीला एक ठरलेला मार्ग मिळाला. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि केटीएस रुग्णालय त्याला जोडलं गेलं. त्याआधी विशेषज्ञ म्हटलं की नागपूरची गाडी हेच उत्तर होतं. १०८ची गाडी आहे, हातात मोबाइल आहे. म्हणजे दारापासून रुग्णालयापर्यंतची वाट तयार आहे. त्या वाटेवरचा पहिला माणूस मात्र अजून तयार नाही, कारण ‘डोळा वळला’ या दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्दांचं वजन त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितलं नाही.

हे पुस्तक ते वजन सांगू बघतं. ते लिहिलंय आशाताईंसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी, नुकतंच शिक्षण संपवून प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी, शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरात असा ताप येऊन गेलाय त्यांच्यासाठी. त्यात औषधांच्या मात्रा मुद्दामच नाहीत. त्या वजनावर आणि तपासणीवर ठरतात आणि छापील आकडा बघून कोणी द्यायला लागलं तर घात होईल. त्यात भर आहे तो बघण्यावर: कुठे बघायचं, किती वेळ, कोणत्या खुणेला त्याच दिवशी निघायचं, कोणत्या खुणेला आठवड्यात दाखवलं तरी चालतं. शब्दांची निवडही विचारपूर्वक आहे. ‘चकणा’ हा शब्द पुस्तकात फक्त एका ठिकाणी येतो, शाळेत मुलांना तो ऐकावा लागतो हे सांगण्यासाठी. ‘पापणी पडणे’, ‘डोळा वळणे’, ‘दोन-दोन दिसणे’ हे घरातले शब्द मात्र ठायीठायी आहेत, आणि त्यांच्यासमोर वैद्यकातली नावं देवनागरीत दिली आहेत, म्हणजे रेफर केलेल्या चिठ्ठीवर आशाताईलाही ती लिहिता येतील.

काही मतभेद उघडे ठेवले आहेत, आणि हे बरं झालं. सहाव्या नसेचा बिघाड साध्या सर्दीनंतरही होतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६७ मध्येच हे नोंदवलं. मग अशा प्रत्येक मुलाला नागपूरला एमआरआयसाठी पाठवायचं का? मुंबईत याचं उत्तर सोपं असेल. मिसपिरीसारख्या गावातून निघालेल्या बापाला दोन दिवसांची रोजी बुडवून जायचं असतं. पुस्तकाने इथे एक मध्यम मार्ग सुचवलाय: ताप, डोकेदुखी, उलटी, सुस्ती किंवा वाहता कान यांपैकी काहीही सोबत असेल तर थांबू नका, काहीच नसेल तर जिल्ह्यात डोळ्याचा पडदा तपासून घ्या आणि मूल दर आठवड्याला बघा. यावर वाद होईल. तो गोंदियातल्याच डॉक्टरांनी, इथली मुलं बघून घालावा.

शेवटची प्रकरणं घरी परतलेल्या मुलाची आहेत, आणि वाचकाने ती घाईने उलटू नयेत. आळशी डोळ्यासाठी पट्टी किती तास, यावर अमेरिकेत २००३ मध्ये एक मोठी चाचणी झाली: सात वर्षांखालच्या मध्यम दोषाच्या मुलांत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच कामी आली. गोंदियातल्या घरासाठी या आकड्याचा अर्थ फार मोठा आहे. सहा तास पट्टी बांधून बसणारं पोरगं कुठे सापडणार? दोन तास म्हणजे अंगणवाडीतली सकाळ. पोषण आहार शिजेपर्यंत ताईंनी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, समोर तांदळाचे आणि तुरीचे दाणे मिसळून ठेवायचे आणि मुलाने ते निवडून दोन वाट्यांत घालायचे. पहिल्या आठवड्यात वाट्या भरत नाहीत, मूल पट्टी ओढतं, रडतं. महिनाभराने तुरीचा एखादाच दाणा तांदळात राहतो.